एक वर्ष खाली

ल्यूशन बर्डटेलच्या शेडमध्ये
पहिल्या दिवशी मला सुरीला हातही लावू दिला नाही.
नुसतं बघ, म्हणाला. मोज.
ओंडक्याच्या तोंडावर वर्षं बसलेली,
एकमेकांना खेटून,
सालीजवळची अलीकडची, आतली जुनी.
बोडार्कचं झाड, बॅरन फोर्कच्या काठचं,
वाऱ्यानं पडलं, त्यानं चिरून आणलं,
टोकांना मेण लावून तीन हिवाळे विसरला.
आत अंड्याच्या बलकासारखं पिवळं.

धनुष्याची पाठ म्हणजे एकच वर्ष.
या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच,
मध्ये कुठे खरवडलेलं चालत नाही.
तंतू डावीकडे गेला तर तू डावीकडे.
गाठ आली तर वळसा घाल,
वाटेत बसलेल्या म्हातारीला घालतात तसा.
सरळ करायला जाऊ नकोस.
सरळ तर फळीही असते.

मी केलं सरळ. दोनदा.
पहिलं दोरी चढवतानाच गेलं.
दुसरं पुरतं ओढल्यावर, कानाशी,
असा आवाज की कुत्रं शेडखाली शिरलं ते
संध्याकाळी भाकरीचा तुकडा दाखवला तेव्हा निघालं.

तिसऱ्याला मी हात आखडता घेतला.
दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढायची.
वर्षाचा वसंत भुसभुशीत असतो,
बिस्किटासारखा तुटतो, करकर, करकर,
आणि त्याच्याखाली उन्हाळा, टणक, चकचकीत.
सुरी गप्प झाली की थांबायचं.
डोळ्याआधी हे कानाला कळतं.

मला कळलं नाही. नखाएवढा टवका उडाला.
ल्यूशननं त्यावरून अंगठा फिरवला.
"एक वर्ष खाली."
म्हणजे सगळीकडून.
एका नखासाठी साडेपाच फूट लांब अख्खं वर्ष सोलायचं.

सोललं. ते शाळेच्या बसचं स्टिअरिंग
पहिल्यांदा हातात आलं त्या साली झाडानं केलेलं.
त्याच्याखालचं दुष्काळाचं,
कागदाइतकं पातळ, त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार.
तेही काढलं.

"हे बघ केवढं जाड," ल्यूशन म्हणाला.
"पोटभर पाणी प्यालंय. याच्यावर थांब."

मी टोकाशी जाऊन मोजलं.
पेन्सिलीचे ठिपके देत परत मोजलं.
सालीपासून अकरावं. त्या एप्रिलात
ओढा पुलावरून गेला.
रॉयसचा ट्रक दुसऱ्या दिवशी सापडला.
रॉयस नवव्या.

शोधायला ल्यूशनही होता, कमरेला दोर बांधून.
त्यानं आता सुरी पुसली,
कॉफी ओतली दोन कपांत,
ठिपक्यांकडे पाहिलं आणि
झाडाला धार लावायची असल्यासारखा
दगड शोधत राहिला.

मला वाटलं, चुकून अजून एक टवका जावा.
हात सैल सोडूनही पाहिला.
सुरी नुसती घसरायची त्याच्यावरून.
त्या वर्षाइतकं घट्ट लाकूड
मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग पेन्सिलीची रेघ तंतूच्या मागे सोडली.
मुठीच्या वर तो उजवीकडे झुकला,
गाठीशी दोन बोटं फाकला, पुढे पुन्हा जुळला.
मी मागे मागे.
सात आठवडे, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात,
आधी कानस, मग काच, मग हरणाचं हाड.
पोटाकडून खरवडायचं, वाकवून बघायचं,
जी भुजा ताठ तिचं थोडं काढायचं.
पाठीला हात नाही.

सप्टेंबरात ताटांवर नेम.
मक्याची सुकी ताटं रचतात मेढींच्या मध्ये,
ऐंशी पावलांवरून बाण सोडायचा
आणि तो किती ताटांत शिरला ते मोजायचं.
माझं धनुष्य पाहून एल्बर्ट म्हणाला,
"साप वाळवून आणलास का गं?"
सगळे हसले. मीही.
दोरी चढवली.
वेडंवाकडं धनुष्य, पण दोरी मुठीच्या
बरोबर मधून गेली.

सात ताटं.
एल्बर्टची बारा.
ल्यूशननं वहीत आकडा लिहिला,
नाव लिहिताना जरा थांबला, मग माझंच लिहिलं.

घरी येऊन दोरी उतरवली.
गाठीपाशी पाठ अंगठ्याला उंच लागते.
दिवसभर उन्हात होतं,
पिवळं जाऊन तपकिरी यायला लागलंय,
मूठ सोडून सगळीकडे.